मोठ्यानं सांगितलेलं वजन

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत समोरच्याला काहीही न विचारणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्याकडं माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग त्या गावातल्या त्या आडनावाचं कुठलं घर, मग ऊस कुठल्या कारखान्याला घालता, आणि एवढं होईपर्यंत कुठूनतरी नातं निघालेलंच असतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट विचारलं नाही तर माणूस खट्टू होतो. साडूभाऊ एकदा सांगलीहून साताऱ्याला माझ्याकडं येत होते, तेव्हा शेजारच्या सीटवरच्या एका निवृत्त फौजी गृहस्थानं इस्लामपूर ते कराड एवढ्या प्रवासात आपली पलटण, बायकोचं पोटाचं ऑपरेशन आणि भावकीतलं बांधाचं भांडण असं सगळं त्यांच्यापुढं रिकामं केलं. साडूभाऊ ‘व्हय’ आणि ‘खरं हाय’ यापलीकडं गेले नाहीत. उतरताना तो फौजी चक्क रागावला. एवढं बोललो आणि या बाबानं माझं नावसुद्धा विचारलं नाही, असं कंडक्टरला सांगून तो उतरला. साडूभाऊंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरंच अपराधी भाव होता, पण सुधारणा काही झाली नाही.

आमच्या धाकट्या मेव्हणीच्या मुलीला इस्लामपूरचं एक स्थळ आलं होतं. घरातला वडीलधारा माणूस म्हणून चौकशीला साडूभाऊंना पाठवायचं ठरलं. ठरवणारी माणसं शुद्धीवर होती की नाही, हा प्रश्न मला आजही पडतो. साडूभाऊ सकाळी गेले, दुपारी जेवून परत आले. मुलाचा पगार किती, शेत किती, पाटाखाली किती, भाऊ किती, यातलं काहीएक त्यांना माहीत नव्हतं. ‘‘त्यांनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई,’’ एवढाच अहवाल. मग बऱ्याच वेळानं, अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं आणि माझ्या थोरल्या मेव्हणीनं, डोळे वटारल्यावर ते म्हणाले, की जेवण झाल्यावर मुलानं म्हाताऱ्या आजोबांचं ताट स्वतः उचलून आत नेलं, आणि नेताना कुणी बघतंय का हे बघितलं नाही. त्या एका ताटावर लग्न झालं. पोरगा चांगला निघाला हा भाग वेगळा, पण त्यानंतर चौकशीला मला पाठवू लागले. मी विचारतो. माझं साताऱ्यात चष्म्याचं दुकान आहे, आणि माणसाचा नंबर काढेपर्यंत त्याची सगळी कुंडली काढल्याशिवाय मला चैन पडत नाही.

साडूभाऊंच्या या न विचारण्याचं मूळ त्यांच्या धंद्यात आहे. त्यांचं गाव विट्याच्या पलीकडं, पावसानं कायमची पाठ फिरवलेल्या भागात. त्या भागातली माणसं मागंच सोनं-चांदी गाळायचं काम शिकून देशभर पांगली. भारतातल्या कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यात जा, एखाद्या बोळात भट्टी पेटलेली असेल आणि तिच्यापुढं खानापूर-आटपाडीकडचं मराठी बोलणारा कुणीतरी घामाघूम बसलेला असेल. मोडीचा दागिना किंवा सोनाराच्या दुकानातला चुरा आणायचा, मुशीत घालून वितळवायचा, मळ आणि हीण जाळून काढायचं आणि चोख सोनं गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचं, हा तो गलाईचा धंदा. साडूभाऊ मिसरूड फुटायच्या आत मदुराईला मामाच्या दुकानात गेले आणि केस पांढरे झाल्यावर परत आले. मामानं त्यांना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. नाव विचारायचं नाही आणि वजन लपवायचं नाही. बाई गळ्यातलं घेऊन आली तर ते कुणाचं, का मोडतेस, घरी माहीत आहे का, यातलं काही तोंडातून काढायचं नाही. पण तराजूत टाकल्यावर वजन मात्र शेजारच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात पुकारायचं. गाळायच्या आधी एकदा, गाळल्यावर एकदा, आणि मधली घट किती तेही. जो गलाईवाला वजन हळू सांगतो तो चोर, असा त्या बोळाचा कायदा होता. साडूभाऊंना तमिळमध्ये आकडे आधी आले, ‘पाणी द्या’ नंतर आलं.

ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली, की भाजीवाल्यानं काट्यावर वांगी टाकली की साडूभाऊच वजन पुकारतात आणि भाजीवाला दचकतो. एका नातीच्या बारशाला त्यांनी बाळ दोन्ही हातांवर तोलून त्याचं वजन सगळ्या मांडवाला ऐकवलं. वजन बरोबर होतं, पण बाळाची आई दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. अशा गोष्टी न बोलायच्या असतात, हे त्यांच्या लक्षातच येत नसे. नाव झाकायचं आणि वजन उघड ठेवायचं, त्यांच्या जगात प्रामाणिकपणाची एवढीच व्याख्या होती.

मदुराईहून परतल्यावर त्यांनी सांगलीला विश्रामबागेत घर बांधलं. आता हा माणूस पाय पसरून बसेल, अक्कांना जोतिबाला घेऊन जाईल, असं आम्हां सगळ्यांना वाटलं. त्याऐवजी त्यांनी क्रिप्टोच्या अदलाबदलीचा धंदा काढला. माझा तर चहाचा कप हातात राहिला. पण त्यांनी ज्या शांतपणे मला समजावलं, तसं त्या विषयावर मला आजवर कुणी समजावलेलं नाही. जगात ही आभासी नाणी शेकड्यांनी आहेत, म्हणाले. कुणाला कामाचे पैसे एका नाण्यात मिळतात आणि हवं असतं दुसरंच. त्यानं त्याचं नाणं इकडं पाठवायचं, आम्ही त्या किमतीचं त्याला हवं ते नाणं परत पाठवायचं, मधली मजुरी ठेवून घ्यायची. माल आपल्याकडं मुक्कामाला ठेवायचा नाही, आला तसा गेला पाहिजे. यंत्रणा पुण्यातल्या मुलानं लिहून दिली, तो त्यातला इंजिनिअर आहे. ‘‘भट्टी तेवढी न्हाई, बाकी समदं त्येच हाय,’’ साडूभाऊ म्हणाले.

मी अर्थातच म्हणालो, की म्हणजे काळ्याचं पांढरं करायचा उद्योग. ते चिडले नाहीत. नोंदणी, कागद, कर सगळं रीतसर केलं आहे, हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं. गिऱ्हाइकाची ओळखपत्रं सरकारी नियमानुसार घ्यावी लागतात, ती घेतात. पण ती यंत्रात अशी कुलूपबंद ठेवली आहेत, की उघडायला एक किल्ली यांच्याकडची आणि एक पुण्याच्या मुलाकडची लागते, आणि सरकारातून रीतसर मागणी आल्याशिवाय बापलेकांनी त्या कामासाठी एकत्र यायचं नाही. एकदा पांढऱ्या मोठ्या गाडीतून एक गृहस्थ आले आणि कागद न देता काम करून द्या म्हणू लागले. साडूभाऊंनी त्यांना पाणी दिलं, नाव विचारलं नाही, आणि फाटकापर्यंत पोचवून आले. कायद्याला लागेल तेवढं कायद्याला, आणि उरलेल्या जगाला काडीचंही नाही. नवरा असो, बाप असो की पोटचा पोरगा असो, कुणी कुणाबद्दल विचारत आला तर त्याला चहा मिळायचा, माहिती मिळायची नाही.

लपवण्याची एवढी हौस असलेल्या माणसाचं घर बंद पेटीसारखं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्या घराला उंबराच नाही. दारावर नावाची पाटी नाही आणि दारात उंबरा नाही, असं ते विश्रामबागेतलं एकमेव घर असावं. उंबरा ओलांडून लक्ष्मी यायची कशी, असं सगळ्या बायकांनी त्यांना विचारून झालं. अक्का तर वास्तुशांतीच्या आदल्या दिवसापर्यंत अडून बसल्या होत्या. शेवटी चौकटीपुढं फरशीवर हळदीकुंकवाची रेघ काढायची, यावर तह झाला. गल्लीतला चाकाच्या खुर्चीवरचा एक म्हातारा त्या रेघेवरून थेट आत येतो आणि बसतो. कुणी येऊ म्हणालं आणि त्याला येता आलं नाही, ही गोष्ट साडूभाऊंना सहन होत नाही. मदुराईत भाषा न येणारा पोर म्हणून पहिली काही वर्षं ते प्रत्येक दारात अडले होते, त्याचं हे असावं. त्यांनी तसं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं तेव्हा विषय बदलला.

धंद्यातही तेच. यंत्रणा तयार झाल्यावर ते साताऱ्याला आले आणि माझ्या दुकानातला नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता उसना मागू लागले. कमीत कमी नजरेच्या माणसाला पडद्यावरचं कितव्या ओळीएवढं अक्षर वाचता येईल, हे त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. दुपारभर माझ्या गिऱ्हाइकांना त्यांनी फोन दाखवून हैराण केलं. गावाकडं उसाच्या घाण्यात बोटं गेलेली माणसं असतात, म्हणून मग नुसत्या अंगठ्यानं सगळं जमतंय का ते बघितलं. डोळ्यांना टॉवेल बांधून घरभर फिरत त्यांनी फोन चालवायचा सराव केला आणि त्यात अक्कांची लोणच्याची बरणी फुटली. बिनाडोळ्यांच्या माणसाला फोन वाचून दाखवणारी सोय असते, हे मुलानं त्यांना सांगितलं. पण तो आवाज त्यांना परका वाटला, परगावचा हिशेबनीस बोलतोय असा. तेव्हा आपल्या माणसांसाठी आपल्या बोलीत आपणच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. गाद्या रचलेल्या खोलीत दार लावून त्यांनी एकेक आकडा रेकॉर्ड केला. ‘आलं एवढं. जाणार एवढं. रुपयात एवढं. आमची मजुरी एवढी.’

त्यात एक गोष्ट त्यांनी मुलाशी भांडून करून घेतली. फोनचा आवाज कितीही बारीक केलेला असो, वजन, म्हणजे आता पैशाचा आकडा, सांगायची वेळ आली की तो आपोआप पूर्ण चढला पाहिजे. मुलगा नको म्हणत होता. ही माणसं घरात बसलेली असतात, बाबा, तो बोळ नव्हे, असं त्यानं सांगून बघितलं. पण वजन हळू सांगणं म्हणजे चोरी, यावर साडूभाऊ ठाम होते. मला त्यांनी हे कौतुकानं माझ्या काउंटरवर करून दाखवलं. काचेचं कपाट थरथरलं आणि समोरच्या मिठाईवाल्यानं बाहेर येऊन काय झालं म्हणून विचारलं. आम्ही दोघं हसलो. साडूभाऊंना तर त्या दिवशी त्यांचा मामा खूष झाला असता असं वाटत होतं.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक मुलगी होती. तिचं नाव मला माहीत नाही; साडूभाऊंनी सांगितलं नाही. जतकडच्या मेंढपाळ घरातली, जन्मापासून दृष्टी नसलेली. अंधशाळेत शिकून संगणकावर कुणालाही मागं टाकेल असा हात तिनं बसवला होता. परदेशातली एक कंपनी तिच्याकडं मराठी बोलण्याची ध्वनिमुद्रणं पाठवायची, ती ऐकून ती टाइप करून द्यायची आणि पैसे त्या कंपनीच्या कुठल्याशा नाण्यात मिळायचे. ते इथं कुणी घेत नाही, म्हणून बदलून घ्यावे लागायचे. राहायची सांगलीतच, भावाकडं, दोन खोल्यांच्या चाळीत. भाऊ डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हर. ती काय कमावते हे तिनं घरात कमी करून सांगितलेलं होतं, कारण तिला वकिलीच्या कॉलेजात जायचं होतं आणि स्वतःची भाड्याची खोली हवी होती. दोन्हींपुरते पैसे ती गुपचूप साठवत होती. हे सगळं तिनंच एकदा येऊन साडूभाऊंना सांगितलं होतं. त्यांच्या आवाजामुळं आली होती ती. आजवर पैशाचं काही बघायचं तर कुणाला तरी वाचायला सांगावं लागायचं, आता पहिल्यांदा मधे माणूस नाही, म्हणाली. तिचं एक वाक्य साडूभाऊंनी मला सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज त्यांच्या मानानं फारच हळू झाला होता. ती म्हणाली होती, ‘‘दुसऱ्याच्या डोळ्यांनी पैसं मोजलं की ते निम्मं त्येचंच हुत्यात, मामा.’’

एका रविवारी मी अक्कांचा नवा चष्मा घेऊन विश्रामबागेत गेलो होतो. चहा चालू होता तेवढ्यात एक तरणा माणूस दारात आला, पायातल्या चपला काढू की नको अशा अवस्थेत उभा राहिला. तो त्या मुलीचा भाऊ होता. त्याला एकच हवं होतं, बहिणीनं याच्या आधी किती बदलून नेले आणि अजून किती आहेत. साडूभाऊ म्हणाले, ते मला सांगता यायचं नाही. भाऊ म्हणाला, मी सख्खा भाऊ आहे. साडूभाऊ म्हणाले, बसा, चहा घ्या. तो बसला, आणि मग त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं त्यात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. आईबाप गेल्यावर आम्ही तिला सांभाळलं, माझ्या बायकोनं तिचं सगळं केलं, आणि तिनं आमच्यापासून लपवावं. मला स्वतःचा टेम्पो घ्यायचा आहे हे तिला ठाऊक होतं, रोज तिच्या कानावर होतं. मला त्या माणसाचा राग येईना. पण हे कळलं कसं, हे विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. साडूभाऊंनी काही विचारलं नसतं, म्हणून मीच विचारलं.

भाऊ साडूभाऊंकडं वळला. ‘‘आवं, तुमच्याच आवाजानं कळलं की,’’ तो म्हणाला. ‘‘तिचा इअरफोन आमच्या पोरानं मॅच ऐकाय नेल्याला. ती मोरीत जाऊन फोन वढणीत गुंडाळून बसल्याली. आन एकदम तुमी वरडला. आमी जेवाय बसल्यालो, समद्या चाळीनं आकडा ऐकला.’’ मग म्हणाला, ‘‘तुमचं उपकारच झालं म्हणायचं.’’

साडूभाऊंनी हातातली बशी खाली ठेवली. तोवर मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना, चिडताना, घाबरताना कधी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. भाऊ गेल्यावर ते कितीतरी वेळ आपल्याच फोनकडं बघत होते. अक्का म्हणाल्या, तुमचा हेतू चांगला होता. ते म्हणाले, माझ्या हेतूचं तिला काय करायचं. मग उठून त्यांनी पुण्याला फोन लावला आणि मुलाला सांगितलं, माझा आवाज आत्ताच्या आत्ता काढून टाक. मुलगा काहीतरी समजावत असावा. हे फक्त म्हणत होते, काढ.

पुढचं मला अक्कांकडून कळलं. महिनाभरानं ती मुलगी आली, पांढरी काठी टेकत, एकटीच रिक्षानं. पैसे टेम्पोत गेले होते. कुणी हिसकावले नव्हते. रोज जेवताना विषय निघायचा, वहिनी ताट वाढताना गप्प व्हायची, शेवटी तिनंच देऊन टाकले. कॉलेजची प्रवेशाची वेळ निघून गेली होती. भाऊ वाईट नाही, असं ती दोन-तीनदा म्हणाली. मग म्हणाली, ‘‘पण ते माझं हुतं.’’ साडूभाऊंनी सांगितलं, चूक माझी आहे, तेवढे पैसे मी भरून देतो. अक्कांना वाटलं, ती हो म्हणेल. ती म्हणाली, तुम्ही दिलेत तर मला त्याचा हिशेब घरात द्यावा लागेल, आणि ते पैसे मी कमावलेले नसतील. ती भरपाईला आलीच नव्हती. फोनची वाचून दाखवायची सोय त्या यंत्रणेला जोडलेलीच नव्हती, त्यामुळं आवाज काढून टाकल्यापासून तिला ती वापरताच येत नव्हती, हे सांगायला ती आली होती. बोललात तर माझं गुपित जातं, आणि गप्प बसलात तर मीच बाहेर राहते, यातलं तिसरं काहीतरी शोधा, असं तिचं म्हणणं होतं.

तिसरं तिनंच शोधलं. मेंढरांच्या बाजारात तिच्या बापानं जन्म काढला होता. तिथं व्यापारी आणि मालक समोरासमोर बसतात, दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव करतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्या दोन हातांच्या बाहेर जात नाही. लहानपणी बापानं तिला खेळ म्हणून ती बोटं शिकवली होती, कारण त्या खेळाला डोळे लागत नाहीत. तिनं अक्कांकडून टॉवेल मागून घेतला आणि साडूभाऊंचा हात त्याखाली धरून त्यांना आकडे दाबून दाखवले. ‘‘फोन थरथरतो न्हवं? मग त्येनं बी आसंच करावं,’’ ती म्हणाली. ‘‘आवाज कशाला लागतोय?’’

त्यानंतरचे काही महिने साडूभाऊ ती थरथर बसवण्यात गुंतले होते. लांब थरथर म्हणजे एवढं, आखूड म्हणजे एवढं, आकड्यांच्या मधे किती थांबायचं, हे ती ठरवायची, आणि त्या कामाची मजुरी साडूभाऊ तिला तिच्या कंपनीच्या दरानं द्यायचे. माझ्या दुकानात येऊन ते माझ्या तळहातावर फोन ठेवायचे, वर टॉवेल टाकायचे आणि मी ओळखलेला आकडा चुकला की निराश व्हायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, चष्म्याच्या दुकानात बैल विकायला काढले आहेत. पण त्या दिवसांत ते पूर्वीसारखे राहिले नव्हते. भाजीवाल्याकडं काटा वर-खाली झाला तरी गप्प उभे राहायचे. तोच एकदा मला म्हणाला, काकांचं काही बिनसलंय का. मला त्यांचं ते गप्प राहणं अजिबात आवडलं नाही. बारशात बाळाचं वजन पुकारणारा माणूस मला परत हवा होता.

गेल्या उन्हाळ्यात मी विश्रामबागेत असताना ती आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले, बोलताना मान किंचित कलती. आत येऊन बसली आणि अक्कांना म्हणाली, एक टॉवेल द्या. साडूभाऊ खुर्ची पुढं ओढून बसले. टॉवेलाखाली दोघांचे हात गेले. मला फक्त कापड हलताना दिसत होतं, आणि साडूभाऊंचं तोंड. एकेक बोट दाबलं जात होतं तसे ते मनात आकडे जुळवत होते. शेवटी त्यांनी श्वास आत घेतला, ओठ उघडले, आणि मला वाटलं आता हे ओरडणार. पण त्यांनी ओठ मिटले. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात टॉवेलाखाली होते.

‘‘पुरं हाय न्हवं, मामा?’’ तिनं विचारलं.

‘‘पुरं हाय, ताई,’’ साडूभाऊ म्हणाले.

साठलेले पैसे फी आणि भाडं दोन्हींना पुरत होते. कॉलेजात प्रवेश मिळाला होता. खोलीही ठरली होती. एका म्हाताऱ्या बाईंकडं, कॉलेजपासून चालत जाण्याजोगी. भावाला कॉलेजचं सांगितलं होतं, खोलीचं ती आपल्या सवडीनं सांगणार होती. जायला उठली तेव्हा म्हणाली, पत्ता सांगते, अक्कांना घेऊन एकदा या. मला वाटलं, आता तरी हा माणूस हो म्हणेल.

‘‘नगा सांगू,’’ साडूभाऊ म्हणाले. ‘‘उद्या कुणी हितं इचारत आलं तर मला खोटं बोलाय जमत न्हाई. मला ठावंच नसलं की बरं.’’

तिनं काठी खुर्चीला टेकवली. मग वाकून तिनं त्यांच्या पायाला हात लावला, अक्कांनी तिच्या हातात भाजक्या शेंगदाण्यांची पिशवी दिली, आणि ती दारातून सरळ बाहेर निघून गेली. साडूभाऊ तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. रिक्षावाल्याला कुठं जायचं हे ती सांगू लागली तेव्हा ते दोन पावलं मागं सरले, हे मी खिडकीतून पाहिलं. रिक्षा वळून दिसेनाशी झाल्यावरही ते फाटकाशीच होते. आत आले, खुर्चीवरचा टॉवेल उचलला, घडी घातली, परत उलगडली आणि मांडीवर घेऊन बसले.

‘‘वारं याय जागा आसंल का वो त्या खोलीला?’’ ते मला म्हणाले. ‘‘सांगलीत उन्हाळ्यात लय तापतंय.’’

मी म्हणालो, असेल की, इकडच्या जुन्या घरांना खिडक्या मोठ्या असतात. एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही हे मला दिसत होतं, पण या वेळी पत्ता मीही विचारला नव्हता.